मुघल मोहोर: किंमत सोन्याची की अक्षरांची?

मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागातून सोन्याची 216 जुनी नाणी ताब्यात घेतली. बांधकामाच्या खोदकामात ती मजुरांच्या हाती लागली होती आणि सरकारला न कळवता घरात ठेवली गेली होती. एकूण वजन 2,357 ग्रॅम. या दोन आकड्यांचा भागाकार केला की एका नाण्याचं वजन 10.9 ग्रॅम येतं, आणि नाणी जमवणाऱ्या माणसाचे कान तिथेच टवकारतात. मुघल मोहरेचं ठरलेलं वजन जवळपास तेवढंच होतं.

तेव्हापासून जुन्या मोहरेचा विषय निघाला की दोनच प्रश्न विचारले जातात: आज हिचे किती येतील, आणि ठेवली तर पोलीस येतील का? 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यावर पहिला प्रश्न जास्तच वाढला. घरातली आजीच्या वेळची मोहोर सराफाकडे नेऊन मोडल्याच्या गोष्टी कानावर येतात आणि जीव तुटतो, कारण बऱ्याचदा त्या घराला आपण काय मोडलं हे कधीच कळत नाही. म्हणून मुळापासून सांगतो.

मोहोर म्हणजे नेमकं काय

मुघलांच्या राज्यात तीन धातूंची नाणी चालत. तांब्याचा दाम, चांदीचा रुपया आणि सोन्याची मोहोर. रुपयाची घडी शेरशाह सूरीने बसवली, अकबराने ती उचलली आणि पक्की केली. बाजारहाट दामावर चाले, पगार आणि व्यापार रुपयावर. मोहोर यांच्या वरची. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल याच्या नोंदीप्रमाणे त्या काळात एक गोल मोहोर नऊ रुपयांची होती. पुढे हा भाव चौदा रुपयांच्या आसपास गेला.

एवढं मोठं नाणं घेऊन कुणी भाजी आणायला जात नसे. मोहोर खजिन्यात राही, बादशहाला नजराणा म्हणून जाई, सरदाराला बक्षीस म्हणून मिळे, सावकाराच्या पेटीत किंवा जमिनीखाली हंड्यात पडून असे. तिची झीज कमी होण्याचं हे एक कारण. दुसरीकडे, हाताशी आयतं शुद्ध सोनं असल्यामुळे ती वितळवलीही सहज जाई. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीची मोहोर दिसते तेव्हा अनेकदा करकरीत दिसते, पण दिसते क्वचित.

नाणं बनायचं कसं, आणि अर्धी अक्षरं कुठे जातात

टांकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा सरकारी कारखाना. तिथे सोनं शुद्ध करून, तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा वजनाला बरोबर करून गोल चकती बनवत. मग ती चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालत. हे ठसे कोरणं सर्वांत नाजूक काम. अकबराच्या दरबारात दिल्लीचा मौलाना अली अहमद हे काम करायचा, आणि त्याच्यासारखा कोरक्या कुठल्याच देशात नाही असं अबुल फझल लिहून ठेवतो. 1577 मध्ये अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या टांकसाळीवर ख्वाजा अब्दुस्समद या चित्रकाराला नेमलं. नाण्याची अक्षरं ही दरबाराला कलेची बाब वाटत होती, हे यावरून कळतं.

आता खरी मेख. ठसा मोठा असे आणि चकती लहान. टपाल कार्यालयातला मोठा गोल शिक्का छोट्या तिकिटावर मारला की कधी गावाचं नाव उमटतं, कधी फक्त तारीख, उरलेलं तिकिटाबाहेर जातं. मोहरेचंही तेच होतं. एकाच ठशातून निघालेल्या दोन मोहरांपैकी एकीवर टांकसाळीचं नाव आणि साल पूर्ण बसतं, दुसरीवर दोन्ही कडेबाहेर जातात. वजन तेच, सोनं तेच. पण संग्राहक पहिलीला दुसरीच्या कितीतरी पट मोजतो, कारण पहिली कुठली आणि केव्हाची हे सिद्ध करता येतं.

ती वाचायची कशी

फारसी येत नाही म्हणून लोक इथेच हात टेकतात. तेवढी भीती नको. मुघल मोहरेवरचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो आणि थोड्या सरावाने तो ओळखू येतो.

एका बाजूला बादशहाचं नाव, बहुतेकदा दोन ओळींच्या फारसी शेरात गुंफलेलं. औरंगजेबाच्या चांदीच्या रुपयावर अर्थ असा आहे: शाह औरंगजेब आलमगीर याने जगात तेजस्वी पूर्णचंद्रासारखं नाणं पाडलं. त्याच्या सोन्याच्या मोहरेवर एकच शब्द बदलतो. 'बद्र', म्हणजे पूर्णचंद्र, याच्या जागी 'मिहर', म्हणजे सूर्य. चांदीला चंद्र, सोन्याला सूर्य. मला मुघल नाण्यांत याच्याइतकी देखणी दुसरी गोष्ट सापडलेली नाही. शिवाय ती कामाची आहे: कुणी रुपयाचा साचा वापरून सोन्याची नकली मोहोर ओतली असेल, तर त्याने सोन्यावर चंद्रच ठेवलेला असतो.

दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव आणि राज्यारोहणाचं वर्ष, म्हणजे बादशहा गादीवर बसल्यापासूनचं कितवं वर्ष. याला जुलूस वर्ष म्हणतात. पहिल्या वर्षी आकडा न घालता 'अहद' असा शब्द घालत. औरंगजेबापासून पुढच्या नाण्यांवर 'मैमनत मानूस' हा शुभसूचक शब्दांचा जोड तिथे बहुतेकदा असतो. ओळी बऱ्याचदा खालून वर वाचाव्या लागतात. हे कुणी सांगितलं नाही तर शिकलेला माणूसही गोंधळतो. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे टिंब, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही.

साल हिजरी असतं. हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून नुसते 622 मिळवून चालत नाही. आधी 0.97 ने गुणायचं, मग 622 मिळवायचे. हिजरी 1115 घ्या: 1081 आणि काही, अधिक 622, म्हणजे इसवी 1703-04. औरंगजेबाचं त्या सालातलं जुलूस वर्ष 47 किंवा 48 येतं. मोहरेवर हिजरी 1115 आणि जुलूस 30 असं दिसलं तर हात आखडता घ्या. टांकसाळीतही क्वचित जुना ठसा नव्या ठशाशी जोडला जाई, त्यामुळे अशी प्रत्येक मोहोर खोटीच असते असं नाही, पण जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अकबराच्या उत्तरकाळातल्या नाण्यांवर हिजरी सालही नसतं. त्याने 1584 मध्ये स्वतःचा 'इलाही' शक सुरू केला आणि त्याची मोजणी आपल्या राज्यारोहणापासून, 1556 पासून धरली. त्यात महिन्यांची नावं जुन्या इराणी पंचांगातली.

दुर्मीळ मोहोर म्हणजे कुठली

अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला. हा किल्ला बुऱ्हाणपूरजवळ, आपल्या जळगावच्या सीमेपलीकडे. त्या विजयाची त्याने मोहोर पाडली आणि तिच्यावर ससाणा बसवला. नाण्यावर प्राण्याचं चित्र ही त्या परंपरेत मोठी वेगळी गोष्ट. नंतर, इलाही 50 मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अगदी अखेरीस, त्याने राम-सीतेचं चित्र असलेली नाणी पाडली. धनुष्य घेतलेला राम पुढे, मागे पदर सावरणारी सीता. याची सोन्याची अर्धी मोहोर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चांदीच्या अर्ध्या रुपयावर नागरीत 'राम सीय' असं लिहिलेलं असून तो वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. अशा नाण्यांचा बाजारभाव विचारण्यात अर्थ नसतो, कारण ती बाजारात जवळजवळ येतच नाहीत.

जहांगीर या सगळ्यांच्या पुढचा. त्याने स्वतःचं चित्र असलेल्या मोहरा पाडल्या, काहींवर हातात मद्याचा पेला, आणि त्या मर्जीतल्या लोकांना दिल्या. 1618 मध्ये त्याला वाटलं, महिन्याचं नाव लिहिण्याऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र कोरावं. ही कल्पना आपलीच असल्याचं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मेष, वृषभ, मिथुन अशा राशींच्या या मोहरा आग्र्याच्या, आणि जगभरचे संग्राहक यांच्यामागे सर्वाधिक धावतात. अखेरच्या वर्षांत त्याने राणीच्या नावाने नाणी पाडली. त्यांवरचा शेर सांगतो की शाह जहांगीरच्या हुकमाने, नूरजहां बादशहा बेगमचं नाव लागल्यामुळे सोन्याला शंभर अलंकारांची शोभा आली. मुघल घराण्यात राणीच्या नावाची नाणी एवढीच. शाहजहानने गादीवर आल्यावर राशींची नाणी वितळवायला लावली असं तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो. आज ती इतकी थोडी का, याचं एक उत्तर तिथे असावं.

महाकाय मोहरांचा वेगळाच संसार आहे. जहांगीरने 1613 मध्ये आग्र्यात हजार मोहरांच्या वजनाचं एक नाणं पाडलं: व्यास सुमारे 20 सेंटिमीटर, वजन जवळजवळ 12 किलो. हे पाहुण्या राजदूतांना द्यायचं नाणं, चलनाचं नव्हे. 1987 मध्ये ते जिनिव्हातल्या लिलावात आलं, हैदराबादच्या निजाम घराण्याशी त्याचा संबंध सांगितला गेला आणि भारतात सीबीआयने तपास सुरू केला. नाणं परत आलेलं नाही.

सगळ्याच मोहरांना असा भाव येतो का?

नाही. इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

समजा घरात शाहआलम बादशहाचं नाव आणि मुर्शिदाबाद टांकसाळ असलेली, कडेला बारीक तिरक्या रेघा असलेली, 12.36 ग्रॅमची मोहोर आहे. ही मुघलांनी पाडलेली नाही, ईस्ट इंडिया कंपनीने पाडलेली आहे. तिच्यावरचं जुलूस वर्ष कायम 19 असतं, कारण कंपनीने ते तिथेच गोठवलं. का? त्या काळी सराफ चालू वर्षाचं नाणं पूर्ण भावाने घेत आणि जुन्या वर्षाच्या नाण्यावर बट्टा कापत. वर्षच बदललं नाही तर बट्टा कापायला निमित्त उरत नाही. नाणं चांगलं, खरं आणि इतिहासाचं, पण पुष्कळ संख्येने पाडलेलं. त्याची किंमत सोन्यापेक्षा बेताचीच वर असते.

मराठी वाचकाने आणखी एक लक्षात ठेवावं. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळी बादशहाच्याच नावाने रुपये पाडत होत्या. चांदवडच्या रुपयावर टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर', पुण्याच्या नाण्यावर 'मुहियाबाद पुणे', आणि ओळखीची खूण म्हणून अंकुशासारखी निशाणी. बाजारपेठेला ओळखीचं नाव हवं असे, सत्ता कुणाची हे निशाणी सांगत असे. तेव्हा नुसतं नाव वाचून थांबू नका, निशाणीही पाहा.

भाव ठरवणाऱ्या गोष्टी मग कुठल्या? बादशहा, टांकसाळ, साल. हे तिन्ही नाण्यावर दिसतात का. त्या टांकसाळीच्या मोहरा किती उरल्या आहेत. आणि नाण्याची अवस्था. सुरतेची मोहोर, 'बंदर-ए-मुबारक' म्हणजे शुभ बंदर अशी बिरुदावली असलेली, तुलनेने मिळते. अल्पकाळ चाललेल्या टांकसाळीची मोहोर दहा-वीस वर्षांत एकदा लिलावाला येते. सोन्याचा भाव वाढला की सामान्य मोहरांचा भाव त्याच्याबरोबर वर जातो. दुर्मीळ मोहरेच्या भावात सोन्याचा वाटा इतका लहान असतो की तिला त्याचं सोयरसुतक नसतं.

घरात असलेली मोहोर आपण कशी बिघडवतो

कडी लावून. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेसारखी मोहरांचीही माळ करायची रीत होती. डाख लावून कडी बसवली, की ती पुढे काढली तरी कडेवरचा डाग राहतो आणि संग्राहकाच्या लेखी ते नाणं खालच्या प्रतीचं होतं. यात कुणाला दोष देण्याचं कारण नाही, तो दागिना होता आणि दागिना म्हणून त्याचं मोल आहेच. आता मात्र नव्याने कडी लावू नका.

दुसरं, घासून. सोनं गंजत नाही. तीनशे वर्षांचा जो लालसर-तपकिरी थर वर असतो, तो नाण्याच्या वयाचा भाग आहे. रिठा, चिंच, पावडर, ब्रश, काही नको. घासलेल्या नाण्यावर केसासारखे ओरखडे उठतात आणि भिंगाखाली ते लगेच दिसतात. धरायचं ते कडेने, ठेवायचं ते मऊ कागदाच्या पाकिटात, एकेक वेगळं.

खरं की खोटं, हे कळतं का?

काही प्रमाणात घरीही कळतं. वजन आधी: मुघल मोहोर 10.8 ते 11 ग्रॅमच्या बाहेर फारशी जात नाही (जहांगीरने सुरुवातीच्या काही वर्षांत वजन वाढवलं होतं, तो अपवाद). मग घनता: हवेतलं वजन आणि पाण्यात बुडवून कमी झालेलं वजन यांचा भागाकार शुद्ध सोन्याला 19.3 येतो, आणि मोहोर जवळजवळ शुद्ध असल्यामुळे उत्तर त्याच्या किंचित खाली यायला हवं. सतरा-अठराच्या खाली उतरलं तर मिसळ आहे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, कडेला कधी सांध्याची रेघ असते. ठोकलेल्या नाण्यात अक्षर ताठ उभं राहतं आणि धातू बाहेरच्या बाजूला वाहिल्यासारखा दिसतो.

पण खऱ्या सोन्याची, खऱ्या वजनाची, नव्याने कोरलेल्या ठशांची नकल यातून सुटते. तिथे ठशांची तुलना करणारा जाणकारच लागतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा मोठा नाणेसंग्रह आहे, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात अकबराची मोहोर आहे. विकत घेण्याआधी अशा ठिकाणी जाऊन अस्सल नाणी तासभर डोळ्यांत भरून घ्यावीत. तपासून, दर्जाचा शेरा देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली नाणी हल्ली मिळतात, पण डब्यांच्याही नकला होतात हे ध्यानात असू द्या.

आणि मोबाइलवर 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' म्हणणाऱ्यांना आधी नोंदणीचे पैसे कधीच भरू नका. आपण अशा व्यवहारात नाही आणि असं कुठलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

कायदा काय म्हणतो

दोन कायदे. जमिनीत सापडलेल्या धनासाठी 1878 चा निखात निधी कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा. कळवलं आणि मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सरकारला ते धन हवं असेल तर ते मोबदला देऊन घेऊ शकतं.

दुसरा 1972 चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. वारशाने आलेली मोहोर घरात ठेवणं गुन्हा नाही. पुरावशेषांचा विक्रीव्यवसाय करायला परवाना लागतो, आणि ते देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. परदेशातल्या मुलाकडे जाताना सामानात एखादी जुनी मोहोर ठेवणाऱ्या आई-वडिलांनी हे वाचावं.

लपवण्यातलं नुकसान केवळ कायद्याचं नाही. हंडा जसाच्या तसा अभ्यासकापर्यंत पोहोचला, तर त्यातलं सर्वांत अलीकडचं नाणं सांगतं की तो केव्हा पुरला, टांकसाळींची नावं सांगतात की पैसा कुठून आला. नाणी चार जणांत वाटली गेली की हे सगळं संपतं. मोहरा उरतात, पण त्या एकत्र का होत्या ते कळत नाही.

औरंगजेबाचं नाणं आपण का जपायचं?

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जातो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. माझं उत्तर असं: हे नाणं त्याचा सन्मान नाही, ती त्याच्या स्वारीची नोंद आहे. 1681 मध्ये तो दख्खनच्या मोहिमेवर उतरला आणि 1707 मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मेला; उत्तरेत परत गेला नाही. त्याच्या नाण्यांवर औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), अहमदनगर, सोलापूर, विजापूर अशी नावं येतात. मराठ्यांशी लढण्यासाठी साम्राज्याचा पैसा कुठे कुठे ओतावा लागला, त्याचा धातूतला हिशेब हाच. ही नाणी वितळवली तर मराठ्यांनी त्याला किती गुंतवून ठेवलं याचा एक पुरावाही आपण वितळवतो.

सुरुवात करायची असेल तर

मोहरेने करू नका. मोहरेच्या किमतीची चूक परवडत नाही. औरंगजेबाचा सुरत टांकसाळीचा चांदीचा रुपया अजूनही काही हजारांत मिळतो. त्याच्यावर तोच शेर, तीच मांडणी, तसंच जुलूस वर्ष असतं. असे पाच-सहा वेगवेगळ्या सालांचे रुपये परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊन घ्या. प्रत्येकाचं वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, कुठून आणि केव्हा घेतला, हे वहीत लिहा. पुढे नाणं विकायचं झालं तर ही वही नाण्याइतकीच महत्त्वाची ठरते. मग भिंग लावून खालच्या ओळीपासून वर वाचत जा. शेरातला 'बद्र' नजरेने चटकन ओळखता आला, की मोहरेवरचा 'मिहर' शोधायला तुम्ही तयार झालात.